वैजनाथ हेडी आणि मागला डावा पाय

वैजनाथ हेडी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. समोर जावई उभा असो नाहीतर तलाठी, याची नजर आपली खाली. आमच्या वस्तीवर कोणी नवी चप्पल घेतली की ती पहिल्यांदा वैजनाथला कळते, आणि कुठे चावते हेही त्यालाच कळते. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला मधला माणूस. घेणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, जनावर चालवून बघतो आणि रुमालाखाली बोटं धरून सौदा जुळवतो. वैजनाथने पन्नास वर्षं काष्टीच्या बाजारात हेच केलं. त्यात जुळवले थोडे आणि मोडले फार.

मी त्याच्यावर लिहितोय हे त्याला कळलं तर काठी घेऊन येईल. येऊ दे. मी सातवी पास, तोही सातवी पास, दोघं एका बाकावरचे. गुरुजी फळ्याकडे तोंड करून असले आणि मागून एखादं पोरगं निसटलं की हा मान न वळवता सांगायचा, "गुरुजी, कानिफनाथ गेला." कानिफनाथ म्हणजे मी, आणि ओळखायचा तो पावलांच्या आवाजावरून! मार मी खायचा आणि शाबासकी त्याला. म्हणजे आमचं वैर तसं शाळेतलंच. पुढे त्याला फक्त खतपाणी मिळत गेलं.

एक गंमत सांगतो. त्याच्या बायकोच्या, केशरबाईच्या, भाचीची सुपारी फुटायची होती. नवरदेव चार पावलं चालून पाटावर बसला. सगळे हळदकुंकवाच्या गडबडीत, आणि हा भर मांडवात म्हणाला, "उजवा गुडघा बघून घ्या. वरून धडधाकट दिसतोय, पन आत कुरकुरतोय." नवऱ्याकडचे अंगावर धावून आले. याला मागच्या दाराने बाहेर काढावं लागलं, तर जाता जाता म्हणतो, "मारायला येताना बी बघा, उजवा टेकवत न्हाई." सुपारी कशीबशी पार पडली. सहा महिन्यांनी त्या पोराच्या गुडघ्याचं पुण्यात ऑपरेशन झालं. त्या दिवसापासून वैजनाथला कोणी लग्नाला बोलवत नाही. माणूस खोटा असता तर एकवेळ बोलावलंही असतं.

केशरबाई म्हणते, "चाळीस वर्सांत यांनी माज्या तोंडाकडं धड बघितलं न्हाई. पन पायात काटा मोडला तर मी चुलीपासून मोरीपर्यंत जायच्या आत यांना ठावं."

आता मुख्य भांडण. अठरा वर्षांमागे मी माझा सोन्या नावाचा बैल काष्टीला विकायला नेला होता. काय बैल होता! पांढरा शुभ्र, शिंगं अशी की दोन्ही हातांनी धरून फोटो काढावा. बेलापूरकडचा एक शेतकरी अगदी घायकुतीला आला. त्याने हेडी केला वैजनाथला. वैजनाथने सोन्याला हौदाजवळच्या ओल्या मातीतून चालवलं. मग बैल सोडून खाली बसला आणि खुरांचे ठसे बघत राहिला. एका एका ठशात बोट घालून बघितलं. उठला आणि सगळ्या बाजारासमोर म्हणाला, "तीन पाय खोल पडत्यात, मागला डावा उथळ. त्या पायावर ह्यो वजन टाकत न्हाई. सांध्यात दुखनं हाय. वर्साच्या आत बसंल."

गिऱ्हाईक गेलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "वैज्या, तुझ्या बापानं तरी बैल बाळगला हुता का?" आणि हात उगारून त्याची टोपी उडवली. टोपी पडली ती शेणात. हसणारे हसले. त्याने टोपी उचलली नाही. माझ्या पायांकडे बघितलं आणि बोडक्या डोक्याने निघून गेला. सोन्याला मी पुढच्या आठवड्यात नेवाशाकडच्या एकाला विकला आणि गावात येऊन छाती पुढे काढून सांगितलं, "बघा, धडधाकट बैल हुता. वैज्या गिऱ्हाइकाचं खाऊन दुसऱ्याचा सौदा मोडतो." मी बोलायला बसलो की लोक ऐकतात, हा माझा जुना गुण. लोकांनी ऐकलं. वैजनाथला आमच्या पंचक्रोशीतून कोणी हेडी म्हणून नेईनासं झालं.

अठरा वर्षं शब्द नाही. तो वाटेने आला की मी बांधावरून जायचो, मी देवळात असलो की तो बाहेरून हात जोडायचा.

आणि गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी नात ज्ञानेश्वरी वस्तीवर राहायला आली. ती पुण्यात तीन वर्षं ॲनिमेशन शिकली. म्हणजे कॉम्प्युटरवर जी चित्रं चालतात, पळतात, ती चालवायचं काम. शिकून झाल्यावर दीड वर्ष दारोदार अर्ज केले, कुठे काही नाही. शेवटी एका कंपनीने परीक्षेपुरतं एक काम दिलं. त्यांच्या खेळात एक जनावर होतं, जगात कुठे नसलेलं. धड आणि मागचे पाय बैलाचे, पुढचे पाय बकरीचे आणि वर मान बगळ्याची. ते वीस पावलं चालवून दाखवायचं. चाल खऱ्या जनावरांवरून घेतलेली पाहिजे, मनाची चालणार नाही. तीनदा पाठवायची मुभा. तिसऱ्यांदा नापास तर काम दुसऱ्याला, पास झाली तर पक्की नोकरी, तीही घरी बसून.

राहीबाई, म्हणजे आमची मंडळी, चित्र बघून म्हणाली, "अगं बाई, ह्याची धार काढायची कुठनं?"

गावाने तर उच्छाद मांडला. ज्ञानेश्वरी मोबाईल घेऊन बैलांच्या मागे, बगळ्यांच्या मागे, लोकांच्या शेळ्यांच्या पुढे रांगत फिरायची. पारावरचे म्हणायचे, "कानिफतात्या, पोरगी पुन्याला शिकली का पळून आली?" लंकाबाईने तर, शेळीचा व्हिडिओ काढते म्हणजे नजर लावते, म्हणून हिला काठी दाखवली. पण बैल मी दिला! माझा हिऱ्या. पन्नास वर्षं बैल सांभाळलेल्या माणसाचा बैल, त्याच्यासारखी चाल तालुक्यात नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं.

पहिल्यांदा पाठवलं. कंपनीने उलट लिहिलं: हे जनावर चालताना सारखं उजवीकडे कलतं, जणू शेजारच्या भिंतीला टेकायला बघतंय. दुरुस्त करा. ज्ञानेश्वरीने दहा दिवस डोळे फोडले. पण व्हिडिओतच हिऱ्या तसा चालत होता, मग तिने तरी काय करावं? मी म्हणालो, "हिऱ्याला ऊन लागलं असंल. आपला राजा घे, ह्याचाच जोडीदार." राजाचे व्हिडिओ काढले, सगळं पहिल्यापासून केलं, दुसऱ्यांदा पाठवलं. कंपनीने लिहिलं: आता डावीकडे कलतंय. शिवाय पुढचे आणि मागचे पाय दोन वेगळ्या जनावरांचे वाटतात. एकच संधी उरली आहे.

त्या संध्याकाळी पोरगी जेवली नाही. भाकरी ताटात तशीच. राहीबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "जनावराची चाल इचारायची तर आख्ख्या तालुक्यात मानूस एकच हाय. अन् त्याचं नाव घ्यायची या घरात चोरी."

"त्याच्या दारात पाय ठेवला तर बघा," मी म्हणालो.

"मी कशाला ठेवीन? मी तर त्याच्या केशरबाईला दर हळदीकुंकवाला भेटते."

बघा! अठरा वर्षं माझ्या पाठीमागे यांचं येणंजाणं सुरू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश्वरी लॅपटॉप घेऊन गायब. तासाभराने आली ती तरातरा. मी ओट्यावर होतो.

"आबा, वैजनाथबाबा चार पावलं बघूनच म्हणाले, हा डाव्या अंगाचा बैल आहे."

"मग? डावाच हाय. जुवात डाव्या अंगाला चालतो."

"म्हणूनच. दहा वर्षं त्याच्या उजव्या बाजूला राजा होता. आता एकटा चालवला तरी तो राजा शेजारी असल्यासारखा अंग आणि मान तिकडेच टाकतो. आणि राजा हिऱ्याकडे कलतो. आपण जनावराचा नाही, अर्ध्या जोडीचा व्हिडिओ काढला."

दहा वर्षं त्या जोडीचं शेपूट माझ्या समोर होतं, आणि मला दिसलं नाही! जुवात न घातलेलं जनावर पाहिजे होतं, एवढी साधी गोष्ट. पण सगळ्या वस्तीतले बैल कामाचे. सुटं जनावर एकच: वैजनाथचा गोऱ्हा, अजून खांद्याला जू न लागलेला.

"मग देतो का गोऱ्हा?" मी विचारलं.

ज्ञानेश्वरीने खाली बघितलं. "देतात. गोऱ्हा देतात, बाकीच्या जनावरांची चाल त्याला जोडायलाही शिकवतात. पण म्हणाले, तुझ्या आज्याला शनिवारी बाजारात लिंबाखाली उभा कर. सोन्याचं काय झालं ते त्याच्या तोंडानं सांगू दे."

आता तुम्हाला सांगतो, कारण बाजाराला सांगून झालंय. सोन्या नवव्या महिन्यात बसला. मागला डावा. नेवाशाच्या माणसाने निरोप पाठवला होता. तो निरोप मी एकट्याने ऐकला आणि अठरा वर्षं राहीबाईलाही सांगितला नाही.

मी उसळलो. "मरू दे तुझी नोकरी! त्या कुबड्यापुढं मी मान खाली घालायची?"

पोरगी रडली नाही, भांडली नाही. लॅपटॉप उघडला आणि दोन्ही बैलांच्या व्हिडिओतून मधली चाल निघते का ते बघत बसली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. ते जनावर पडद्यावर एकदा इकडे कलायचं, एकदा तिकडे, जसं काही ताडी पिऊन निघालंय. मंगळवारी पाठवायचं होतं. शुक्रवारी तिने मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आबा, तुम्हाला त्रास होत असेल तर राहू द्या." तसं म्हणण्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर मी गेलो नसतो.

शनिवारी ज्ञानेश्वरीला घेऊन काष्टीला गेलो. बाजार ऐन भरात, म्हशी, बैल, दोऱ्या, धूळ. लिंबाखाली वैजनाथ काठी टेकून बसलेला. पाठ वाकलेली, एक डोळा मिटत आलेला. मी समोर उभा राहिलो. त्याने माझ्या चपलांकडे बघितलं.

"आलास व्हय."

"आलो. बोलू का?"

"माज्याशी काय बोलतो? मला अठरा वर्सांपासून ठावं हाय. नेवाशाचा हेडी माजा सोयरा. बाजाराला सांग."

मी हळूच म्हणालो, "सोन्या बसला हुता."

"कोन रं? बकरं वराडल्यागत वाटलं."

लोक गोळा झाले. तमाशा बघायला बाजारात कधी माणूस कमी पडत नाही. मी घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणालो, "अठरा वर्सांमागं मी इथं सोन्या बैल आणला हुता. वैजनाथ म्हनला, मागला डावा गेलाय. मी त्याला खोटा म्हनलो, त्याची टोपी उडवली. त्यो खरं बोलत हुता. बैल नवव्या महिन्यात बसला. मला म्हाईत हुतं. मी सांगितलं न्हाई."

कोणीतरी मागून ओरडलं, "तात्या, आन् आता कसला बैल विकायला आलाय?" हशा झाला. वैजनाथ हसला नाही.

"टोपी काढू का?" मी विचारलं.

"राहू दे. तिच्याखाली काय हाय मला ठावं हाय." मग काठीने हौदाजवळची ओली माती दाखवली. "चालून दाखव."

"काय?"

"दहा पावलं चाल. सौदा हाय."

भर बाजारात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मी चिखलातून अनवाणी चाललो. वैजनाथ उकिडवा बसला आणि माझ्या ठशांत बोट घालून बघायला लागला. लोक तर लोळायचे बाकी. उठला आणि म्हणाला, "उजवा गुडघा गेलाय. टाच टेकवत न्हाई. घ्यायच्या लायकीचा न्हाई ह्यो." आणि ज्ञानेश्वरीकडे वळला, "पोरी, उद्या सकाळी ये. ह्याला आणू नको."

पुढचं मला ज्ञानेश्वरीने सांगितलं, कारण मला त्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. मी बांधावरून बघायचो. वैजनाथने अंगणात पाणी मारून माती ओली केली आणि गोऱ्ह्याला चालवला. तो सरळ चालला, कोणाकडे न कलता. त्याच्या चालीचे व्हिडिओ निघाले. मग पुढच्या पायांसाठी ज्ञानेश्वरीने आधी काढलेला लंकाबाईच्या शेळीचा व्हिडिओ दाखवला. वैजनाथ भडकला.

"ही शेळी रिकामी हाय! तुज्या जनावराला मागं बैलाचं धड. बकरीच्या पायावर बैलाचं वजन आलं तर ती अशी उड्या मारत जाईल व्हय? डोकं कुटं ठिवलंय, पुन्यात?"

"मग बाबा, वजन घेतलेली शेळी कुठून आणू?"

"गाभण शेळी बघ. भरल्या दिवसांची. केशरे, आपली काळी सोड."

काळी शेळी आली. चार दिवसांत विणारी. पुढचे पाय फाकवून, पावलं आखूड टाकत, प्रत्येक पाऊल टेकवण्याआधी क्षणभर थांबत. ज्ञानेश्वरी म्हणाली की तिला तेव्हा कळलं, आधीच्या दोन्ही वेळी पुढच्या पायांना मागच्या धडाचं ओझं माहीतच नव्हतं. मग मानेसाठी त्याने तिला ओढ्यावर म्हशींजवळ बसवलं. म्हैस चालते, पाठीवरचा बगळा खाली डुलतो, पण त्याचं डोकं हवेत खिळा मारल्यासारखं जागेवर. वैजनाथ म्हणाला, "धड हललं पायजे, डोकं न्हाई. तू आपली दोन्ही हलीवतेस. पिसाळल्यागत दिसतंय."

तिथे तिने दोन दिवस शिव्या खाल्ल्या. "आंधळी", "पुन्याची बाहुली", "कानिफ्याची नात, आणखी काय व्हनार". पण दोन्ही संध्याकाळी ती आली तेव्हा ताटातल्या दोन भाकरी संपल्या. सोमवारी ती रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, "आबा, चाल जमली. पण सरळ चालतंय तर जिवंत वाटत नाही. बाबांनी एक शेवटची गोष्ट सांगितली आहे. ती केली तर एकतर पास, नाहीतर साफ नापास."

"काय सांगितलं?"

"ते तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले."

मंगळवारी पाठवलं. गुरुवारी दुपारी फोन आला. ज्ञानेश्वरी शेणाची पाटी घेऊन होती, ती पाटी तशीच ठेवून गोठ्यात उभ्याउभ्या बोलली. कंपनीच्या बाई विचारत होत्या, "हे तुम्ही मुद्दाम केलंय की चूक राहिली?" ही म्हणाली, "मुद्दाम." बाई म्हणाल्या, "राहू द्या. या जनावराने काहीतरी सोसलंय असं वाटतं. नोकरीचं पत्र उद्या पाठवते." राहीबाईने देवापुढे साखर ठेवली आणि अर्धी स्वतःच खाल्ली.

संध्याकाळी सगळ्यांना ओट्यावर बसवून ज्ञानेश्वरीने व्हिडिओ लावला. पारावरचे टवाळही आले, लंकाबाई सुद्धा. ते जनावर ओल्या मातीतून निघालं. पुढे गाभण शेळीसारखं जपून, मागे बैलासारखं भारदस्त, वर मान बगळ्याची, खिळ्यासारखी स्थिर. अजिबात कलत नव्हतं. कोणी हसलं नाही. लंकाबाई एवढंच म्हणाली, "माजी शेळी नको हुती व्हय त्यांना!"

जनावर पुढे निघून गेलं आणि मागे मातीत ठसे उरले. मी चष्मा पुसला आणि पुढे सरकलो. तीन ठसे खोल. मागला डावा उथळ. पुढची चार पावलं, पुन्हा तेच. तीन खोल, मागला डावा उथळ. वीसच्या वीस पावलं.

मी ओळखला. पांढरा नव्हता, शिंगं नव्हती, वर बगळ्याची मान होती, पण चालत होता सोन्या.

"हे त्यानं सांगितलं?" मी विचारलं.

ज्ञानेश्वरी म्हणाली, "हो. म्हणाले, मागला डावा हलका टाक. कोणाचा म्हणून विचारू नको. आज्याला दाखव, तो सांगेल."

ओट्यावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या गोष्टीवर मी अठरा वर्षं माती टाकली होती, ती आता कंपनीच्या खेळात चालत जाणार. जिथे जिथे पोरं तो खेळ खेळतील, तिथे तिथे माझा लंगडा बैल मातीत ठसे उमटवत फिरणार. टोपी उडवली होती मी फक्त काष्टीच्या बाजारात. या माणसाने फेड कुठे केली बघा!

मी तसाच उठलो आणि त्याच्या वाटेला लागलो. तो बांधावर गोऱ्हा चारत होता. मी काही बोलायच्या आत त्याने माझ्या पायांकडे बघितलं.

"उजव्याला तेल लावत न्हाईस अजून."

"वैज्या, तू माज्या नातीच्या कामात माजा बैल घातलास."

"बैल खोटा हाय का?"

त्याने गोऱ्ह्याचा कासरा ओढला आणि पाठ फिरवली. चार पावलं गेल्यावर, मान न वळवता म्हणाला, "परत बांधावरनं चालू नको. पडशील. वाटेनं जा, मी बांधावरनं जाईन."

आता मी वाटेने जातो आणि तो बांधावरून. बोलणं अजूनही नाही.